बोटातलं बटण आणि आपल्या अंगाचा हिशोब

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या बोलण्याचा मजकूर. खुरपणीमुळे ज्या ताईंना सभेला येता आलं नाही, त्यांनी मागितला म्हणून इथे देत आहोत.)

 

अध्यक्षताईंनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि माझ्यानंतर थकीत हप्त्यांचा विषय आहे. म्हणजे माझं बोलणं लांबलं तर काही जणींना बरंच वाटेल! तरी मी सरळ वस्तूच दाखवते. हे बघा. मागं दिसतंय का? ओळखा काय आहे.

बरोबर. जपाचं मशीन. पंढरपूर, आळंदी, तुळजापूर, कुठंही जा, देवळाबाहेरच्या दुकानात माळांच्या शेजारी टांगलेलं असतं. अंगठीसारखं बोटात घालायचं, अंगठ्यानं बटण दाबायचं, की आकडा एकानं वाढतो. बाजूला दुसरं बारीक बटण असतं, ते दाबलं की पुन्हा शून्य. शंभर रुपयांच्या आत मिळतं.

आणि हे दुसरं, जरा जड, लोखंडी. हे मुठीत धरायचं. याला सेलच लागत नाही. आत चार चाकं आहेत, प्रत्येक चाकावर शून्य ते नऊ आकडे. बटण दाबलं की शेवटचं चाक एक घर पुढं सरकतं, ते नवावरून शून्यावर आलं की शेजारचं सरकतं. जुन्या वीजमीटरचे आकडे कसे फिरायचे, तसंच. ९९९९ पर्यंत जातं. बाजूची गुंडी फिरवली की सगळे शून्य. रस्त्याच्या कडेला गाड्या मोजत बसलेली पोरं तुम्ही पाहिली असतील, त्यांच्या हातात हेच असतं. रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये पांढऱ्या पेशी मोजायलाही अशीच बटणं एका ओळीत बसवलेली असतात.

आजचा विषय एवढाच, की या मशीनवर स्वतःचं काहीतरी मोजायचं. जप करणाऱ्यांनी जप करावा, त्याला माझी काही ना नाही. पण त्यासाठी वेगळं मशीन ठेवावं, नाहीतर देवाचा आणि डोकेदुखीचा हिशोब एकत्र होईल.

तुम्ही म्हणाल, आम्ही काय मोजत नाही का? मोजताच की. लक्ष वाती वळताना मोजता. लाखोली वाहताना मोजता. दुधाचा रतीब भिंतीवर चुन्याच्या रेघांनी मोजणाऱ्या आज्या अजून आहेत. कापूस वेचायला गेलं तर वजनकाट्यापाशी कुणी अर्धा किलो इकडंतिकडं करून बघावं! आणि गटाचं तर काय सांगायचं, पंचसूत्रीत लेखे आहेत म्हणून पाच रुपयांचा दंडसुद्धा वहीत चढतो. पण कुणी विचारलं, ताई, महिन्यात तुमचं डोकं किती वेळा दुखतं, तर उत्तर काय येतं? “दुखतं की अधूनमधून.” रात्री लघवीला किती वेळा उठता? “उठते आपली.” पाण्याला किती खेपा होतात? “त्याला काय मोजमाप आहे का बाई!”

मापाची ही गोष्ट सरकारनंसुद्धा उशिराच मनावर घेतली. बायकामाणसांचा दिवस कशात जातो याची देशभराची पहिली मोठी पाहणी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये केली. त्यात निघालं, की घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे दिवसाला २९९ मिनिटं त्यात जातात, म्हणजे पाच तासाला एक मिनिट कमी. पुरुषाचे ९७. पुन्हा २०२४ मध्ये मोजलं तर बाईचे २८९, पुरुषाचे ८८. दोघांचं थोडं थोडं कमी झालं, अंतर मात्र जवळजवळ तेवढंच राहिलं. यात लेकरं-म्हातारी सांभाळणं धरलेलं नाही, त्याचा हिशोब वेगळा. हे आकडे आले तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही, तुम्हालाही वाटणार नाही. पण आकडा आल्यावर तो कागदावर राहतो, “बायका काय घरीच असतात” असं म्हणणाऱ्याला दाखवता येतो. तो देशाचा आकडा झाला. तुमचा स्वतःचा आकडा तुमच्याशिवाय कुणी काढणार नाही.

आता बटण दाबून स्वतःचं मोजायचं, हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. अमेरिकेत ऑग्डेन लिंडस्ली नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. गोल्फ खेळणारे लोक फटके मोजायला मनगटावर एक छोटा काउंटर बांधायचे. लिंडस्लींनी तोच काउंटर माणसाच्या सवयी मोजायला वापरला आणि १९६८ मध्ये त्यावर लिहिलं. डेन्मार्कमधलं उदाहरण तर अगदी अलीकडचं, २०१७ मध्ये छापून आलेलं आहे. सैन्यातून परतलेला एक माणूस. युद्धाचा धसका मनात बसलेला. त्याच्या मनगटावर एकच बटण असलेलं यंत्र बांधलं. आपल्याला त्रास सुरू होतोय असं आतून जाणवलं, की दाबायचं. बाकी काही लिहायचं नाही, बोलायचं नाही. मग तो आणि त्याचे मानसोपचारतज्ज्ञ बसून बघायचे, कधी दाबलं, किती वेळा दाबलं. मला यातली एक गोष्ट फार पटली. त्या वेळी त्याला कुणाला काही समजावून सांगावं लागत नव्हतं. छातीत धडधड सुरू झाली, हातपाय गार पडले, की आपल्यालाही बोलायला जमत नाही आणि नंतर सांगायला गेलं तर “आत्ता तर चांगली दिसतेस” हे ऐकावं लागतं. दाबायला काय, अंगठा पुरतो.

एक उदाहरण मात्र उलट सांगते. शहरातल्या बायका दिवसाला दहा हजार पावलं चालायची म्हणून मनगटी घड्याळं लावून फिरतात ना, तो दहा हजाराचा आकडा डॉक्टरांनी शोधून काढलेला नाही. १९६५ मध्ये जपानमधल्या यामासा कंपनीनं पावलं मोजणारं एक यंत्र विकायला काढलं, त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. विकायला सोपा, लक्षात राहणारा आकडा म्हणून तो जगभर पसरला. तेव्हा दुसऱ्याचा आकडा आपल्या डोक्यावर घ्यायचं कारण नाही. तुम्ही रानात, विहिरीवर, रेशन दुकानाला किती चालता ते मला माहीत आहे. मोजायचं तर ज्याचा आपल्याला उपयोग आहे ते मोजा.

उपयोग म्हणजे काय, तर आपल्याच प्रभागातल्या तीन गोष्टी सांगते. नावं, गावं सांगणार नाही. ज्यांच्या आहेत त्यांना विचारून सांगते आहे.

पहिली मिश्रीची. हसू नका, इथं किती जणींच्या कनवटीला डबी आहे ते मला दिसतंय. एका काकूंना विचारलं, दिवसातून किती वेळा लावता? म्हणाल्या, सकाळी आणि जेवल्यावर, दोनदा. मी म्हटलं, आठ दिवस हे मशीन घ्या, सोडू नका, कमी करू नका, फक्त डबी उघडली की दाबा. पहिल्या दिवशी अकरा. त्यांचा विश्वासच बसेना, मशीन बिघडलंय म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दहा. पुढं पुढं काय झालं, की डबीकडं हात गेला की आधी अंगठा बटणाकडं जायचा, आणि तेवढ्या क्षणात त्यांच्या मनात यायचं, आत्ता खरंच हवीय का? आठव्या दिवशी आकडा सहा होता. कुणी रागावलं नव्हतं, कुणी शपथ घातली नव्हती. मोजायला लागलं की मोजली जाणारी गोष्ट स्वतःच थोडी बदलते, हे अभ्यासकांनाही ठाऊक आहे. सहाची शून्य मात्र नुसत्या बटणानं होत नाही, कारण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे आणि त्याची तलफ अंगात असते. त्यासाठी काकूंना सरकारचा मोफत नंबर दिलाय, १८००-११-२३५६. एकदा लावला त्यांनी. पुन्हा लावतो म्हणाल्यात, बघू.

दुसरी पाण्याची. एका वस्तीवरच्या सात जणींनी मिळून सात दिवस हंडे मोजले. प्रत्येकीकडं मशीन नव्हतं. तीन मशीन होती, बाकीच्यांनी उंबऱ्यापाशी खडे ठेवले. खडेसुद्धा चालतात बरं का, फक्त पोरं खेळायला नेतात. आधी ठरवलं, की भरलेला हंडा घरात उतरवला म्हणजे एक. वाटेत सांडला, अर्धा आणला, तर मोजायचा नाही. पाच माणसांच्या घरात दिवसाला सरासरी अकरा हंडे आले. हंडा पंधरा लिटरचा धरला तर १६५ लिटर, म्हणजे माणशी ३३. आणि जल जीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी घरात नळानं द्यायचं ठरलेलं आहे. पाच माणसांचे होतात २७५ लिटर, म्हणजे अठरा हंडे. म्हणजे सात हंडे कमी, आणि जे अकरा येतात ते डोक्यावरून.

हा कागद त्यांनी ग्रामसभेत ठेवला. आधी दर वेळी काय व्हायचं, “पाण्याचा लई त्रास आहे” असं बायका म्हणायच्या आणि “हो, बघू” असं उत्तर यायचं. या वेळी ग्रामसेवकांना आकडा इतिवृत्तात लिहावा लागला. लगेच नळ आले का? नाही. एक टँकरची खेप वाढली आणि रखडलेल्या पाइपलाइनचं पत्र तालुक्याला गेलं. पत्राचा पाठपुरावा चालू आहे. खोटं कशाला सांगू, तेवढंच झालंय. पण त्या सात जणींपैकी एक म्हणाली ते मला आठवतं. म्हणाली, मी रोज दीडशे किलोच्या वर डोक्यावर वाहते हे मला आजवर माहीतच नव्हतं, मान दुखते ती उगीच नाही.

तिसरी गोष्ट जरा वेळ घेऊन सांगते, कारण आज मी खरं तर त्यासाठीच बोलायला उभी आहे.

आपल्याकडं पाळीत अंगावरून जास्त जायला लागलं, पोटात दुखायला लागलं, की दोन-चार महिन्यांत एक वाक्य ऐकू येतं, “पिशवी काढून टाका, कायमची कटकट जाईल.” २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड ताईंचा विषय गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. त्यात तरण्याताठ्या मुलीही होत्या. कुणाची खरंच गरज असेल, मी नाही म्हणत नाही. गरज असते तेव्हा काढावीच लागते. पण गरज आहे की नाही हे ठरवायला डॉक्टरांसमोर काय असतं? बाई म्हणते, “लई जातं.” लई म्हणजे किती? दोन दिवस की दहा? चार कापडं की चाळीस? तिला सांगता येत नाही, समोरच्याला विचारायला वेळ नसतो आणि मग एक वाक्य बोललं जातं.

आपल्या एका ताईला असंच सांगितलं होतं. वय चौतीस. खाजगी दवाखान्यात गेली, ऑपरेशनचा खर्च सांगितला गेला आणि ती गटात कर्ज मागायला आली. कर्जाचं कारण वाचलं तेव्हा आमच्या सचिव ताईंनी तिला बाजूला घेतलं. म्हणाल्या, कर्ज देऊ, नाही म्हणत नाही, पण ही घाईची बाब आहे का ते आधी विचारून घेऊ. आशाताईंना बोलावलं. त्यांनी ताईचा चेहरा, डोळे, नखं बघितली, लगेच धोका वाटत नाही म्हणाल्या, पण तपासणी करूनच घ्या म्हणाल्या. तपासणीला जाण्याआधी तिच्या दोन पाळ्यांचं मोजमाप हातात असावं असं ठरलं.

तिनं मशीन कुठं ठेवलं माहितीय? न्हाणीत, साबणाच्या वर खुंटीला. पॅड बदललं की एकदा दाबायचं. रोज रात्री आकडा कॅलेंडरच्या त्या तारखेच्या चौकोनात लिहायचा आणि मशीन शून्य करायचं. गाठ पडली तर आकड्याशेजारी एक टिंब. ताई दुसरीपर्यंत शिकलेली आहे, आकडा आणि टिंब तिला पुरेसे होते. नवऱ्यानं विचारलं, हे काय लिहितेस? म्हणाली, दुधाचा हिशोब.

पहिल्या पाळीत नऊ दिवस, एकूण ४१. दुसऱ्यात आठ दिवस, ३८. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सगळ्यात जास्त, नऊ-नऊ. कॅलेंडरचं पान फाडून ती उपजिल्हा रुग्णालयात गेली, आशाताई सोबत. तिथल्या मॅडमनी पान बघितलं आणि पहिल्यांदा प्रश्न विचारायला सुरुवात केली. सात दिवसांच्या वर जातंय, गाठी पडतायत, म्हणजे रक्तस्राव खरंच जास्त आहे हे त्यांना पानावरूनच दिसलं. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन साडेसात. सोनोग्राफीत एक लहान गाठ. गोळ्या सुरू झाल्या, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तीन महिन्यांनी परत बोलावलं. ताईनं मोजणं चालू ठेवलं. गोळ्यांनंतरच्या पाळीचा आकडा २२ आहे.

तिची पिशवी जागेवर आहे. पुढं काय करायचं ते पुढच्या तपासणीत ठरेल. कदाचित ऑपरेशन लागेलही. लागलं तर का लागलं हे तिला माहीत असेल. आणि कर्जाचा अर्ज तिनं परत घेतला, त्या पैशातून शेळी घेतली.

इथं एक धोक्याची सूचना. तासाभरात पॅड पूर्ण भिजतंय आणि असं लागोपाठ काही तास चाललंय, चक्कर येतेय, किंवा पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा अंगावर जायला लागलंय, तर मोजत बसू नका. दवाखाना गाठा. चक्कर येत असेल तर १०८ ला फोन. मशीन हे डॉक्टरकडं जाताना सोबत न्यायच्या कागदासाठी आहे, डॉक्टरच्या जागी नाही.

गरोदर ताईंसाठीही हे कामाचं आहे. सातव्या महिन्यापासून, म्हणजे २८ आठवड्यांनंतर, रोज साधारण एकाच वेळी, जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पडायचं आणि बाळ हललं की दाबायचं. दोन तासांत दहा हालचाली मिळाल्या की उठायचं. बहुतेक वेळा त्याच्या आतच मिळतात. रोज मोजलं की आपल्या बाळाची चाल आपल्याला कळायला लागते. दहा झाल्या नाहीत, किंवा दहा झाल्या तरी नेहमीपेक्षा बाळ मंद वाटतंय, तर त्याच दिवशी दवाखान्यात. “सकाळी बघू” म्हणायचं नाही, गोड खाऊन वाट बघायची नाही. १०२ ची गाडी त्यासाठीच आहे. सासूबाई काय म्हणतील? इथं बसलेल्या सासूबाईंनो, तुम्हालाच सांगते आहे, तुम्ही म्हणा “चल.”

आता कसं मोजायचं, ते पटकन सांगते. एका वेळी एकच गोष्ट घ्या, दोन घेतल्या की गोंधळ होतो. आधी ठरवा ‘एक’ म्हणजे काय. डोकेदुखी म्हणजे दुखायला लागलं तेव्हा एकदा, दर तासाला नाही. चहा म्हणजे कप, घोट नाही. रात्री झोपताना आकडा लिहून शून्य करा, कारण मशीनला काल आणि आज यातला फरक कळत नाही. कधी दाबलं, किती वेळ दुखलं, किती जोरात दुखलं, यातलं त्याला काहीच कळत नाही. फक्त किती वेळा. त्यामुळं जे वेळेवर अवलंबून आहे ते कॅलेंडरवर सकाळी-संध्याकाळी असं दोनदा लिहा. दाबायचं राहिलं तर राहिलं. अंदाजानं दोन-तीन भरीचे दाबू नका. आणि मुदत ठरवा, पंधरा दिवस किंवा दोन पाळ्या. जन्मभर मोजत बसायचं नाही. ज्या ताईंचा स्वभाव मुळात काळजीचा आहे, त्यांना मोजण्यानं काळजी वाढतेय असं वाटलं तर मशीन सरळ परत करा.

मोबाइलमध्ये पण हे सगळं होतं, असं तरुण मुली मला सांगतात. होतं. पण मोबाइल घरात किती जण हाताळतात? पाळीची माहिती त्यात भरली तर ती कुठं कुठं जाते, आपल्याला सांगता येत नाही. या मशीनवर २२ असा आकडा दिसला तर तो चहाचा आहे, मिश्रीचा आहे की रामनामाचा, कुणाच्या बापाला कळत नाही. चार्जिंग नाही, रिचार्ज नाही, वाचता येण्याची अट नाही. आमच्या एमएसडब्ल्यूच्या वर्गात माहिती गोळा करायच्या पुष्कळ पद्धती शिकवल्या, पण जिची माहिती तिच्याच मुठीत राहील अशी पद्धत मला या जपमशीनमध्ये सापडली. थोडं थट्टेनं म्हणते, थोडं खरंच.

म्हणूनच दोन गोष्टी स्पष्ट बोलते. मला दर महिन्याला वर माहिती भरावी लागते, बैठका किती, बचत किती, कर्ज किती. तुमचे हे आकडे त्यात जाणार नाहीत. मी विचारणार नाही, संघ विचारणार नाही. आपणहून दाखवलेत तर बघेन. दुसरं, हे स्वतःपुरतं आहे. सून दिवसातून किती वेळा फोन बघते हे मोजायला कुणी मशीन नेणार असेल तर मिळणार नाही! हो, गेल्या महिन्यात एकीनं मागितलं होतं.

आणि घरात मारहाण होत असेल, तर तेही मोजू का, असं एका ताईनं मला एकटीला विचारलं. तिला सांगितलं ते सगळ्यांना सांगते. त्याला मोजून सिद्ध करायची गरज नाही, एकदा झालं तेवढं पुरे आहे. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, तातडीची वेळ असेल तर ११२. किंवा मला, अध्यक्षताईंना, कुणालाही रात्री-बेरात्री सांगा.

संघानं दहा मशीन आणली आहेत, सहा अंगठीची आणि चार लोखंडी. लेखापाल ताईंकडं ठेवली आहेत. दोन महिन्यांसाठी मिळतील, पैसे नाहीत. रजिस्टरमध्ये मशीनचा नंबर, गटाचं नाव आणि परतीची तारीख लिहायची, काय मोजताय तो रकाना आम्ही ठेवलेलाच नाही. अंगठीच्या मशीनमध्ये बारीक गोल सेल असतो. तो लहान लेकरानं गिळला तर आतून अन्ननलिका भाजते आणि ते तासाभरातही होऊ शकतं. तसं नुसतं वाटलं तरी केळं चारून वाट न बघता थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं. सेल संपला तर घरी उघडू नका, इकडं आणून द्या. ज्यांच्या घरात रांगतं किंवा चालायला लागलेलं मूल आहे, त्यांनी अंगठीचं नेऊ नका. लोखंडी चार आहेत, ती त्यांना आधी.